कौल उजवा म्हणजे काय?

प्रिय सई,

आजी फोनवर म्हणाली, "घराच्या कामाला देवाने उजवा कौल दिला." त्यावर तुझे दोन प्रश्न आले. देवाने सांगितलं कसं? आणि हे मैत्रिणीकडच्या ओइजा बोर्डासारखंच का?

कौल म्हणजे देवाला विचारून घेतलेला होकार किंवा नकार. तळकोकणात कौल लावतात, गोव्यात यालाच प्रसाद घेणं म्हणतात. गुरव किंवा पुजारी पाषाणाच्या मूर्तीला स्नान घालतो आणि तिच्या ओल्या अंगावर दोन्ही बाजूंना भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. काही ठिकाणी पानं लावतात, काही ठिकाणी तांदळाचे दाणे. मग गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवापुढे मोठ्याने प्रश्न मांडतात. जमलेले लोक मध्ये मध्ये "व्हय म्हाराजा" म्हणत साथ देतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी बाजू देवाची धरायची, आपली नव्हे. समोर उभं राहिलं की नवखा माणूस इथेच चुकतो.

प्रश्न एकच आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असा हवा. "घर बांधू की विकत घेऊ?" याला पाकळी काय सांगणार? म्हणून गाऱ्हाणं घालणारा माणूस अनुभवी लागतो. माझ्या मते कौलातलं खरं कसब या प्रश्न बांधण्यातच आहे. काहीच पडलं नाही तर थांबतात, पुन्हा गाऱ्हाणं घालतात.

पाकळी का पडते, हेही सांगते. तिला धरून ठेवतो तो पाण्याचा पातळ थर. तो सुकला की पकड सुटते. समई एका बाजूला जवळ असेल तर ती बाजू आधी सुकते. दगडावर तेलाचा थर असेल तिथे पाकळी धरतच नाही. एक पाकळी जाड आणि दुसरी पातळ असेल, किंवा एक जोरात दाबली आणि दुसरी नुसती टेकवली, तरी निकाल झुकतो. त्यामुळे पाकळ्या सारख्या आकाराच्या घेऊन सारख्याच दाबायला हव्यात. लावणाऱ्याच्या मनात काही असेल तर त्याच्या बोटांना वाव मिळतो तो इथेच.

ओइजा म्हणजे अक्षरं लिहिलेला बोर्ड. त्यावरच्या वस्तूवर सगळे बोटं टेकवतात आणि ती अक्षरांकडे सरकून उत्तर देते असं मानतात. तिथे मात्र बोटं शेवटपर्यंत वस्तूवर असतात. त्या बोर्डाचं पेटंट अमेरिकेत 1891 साली दिलं गेलं. आपल्याकडे हाच खेळ प्लँचेट म्हणून वाटी किंवा नाण्यावर खेळतात. वाटी कोणी मुद्दाम ढकलत नाही, तरी ती सरकते, कारण अपेक्षेने स्नायू नकळत हलतात. त्याआधी टेबल फिरवण्याची टूम होती, म्हणजे टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवायचे आणि ते आपोआप फिरतं असं मानायचं. तेव्हा 1853 साली इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने हे तपासलं. त्याने हाताखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. वरचे थर टेबलापेक्षा पुढे सरकले, म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हतं, हातच टेबलाला ढकलत होते. पुढे हाताची हालचाल दाखवणारा काटा टेबलाभोवती बसलेल्यांच्या नजरेसमोर ठेवला आणि टेबल फिरायचं थांबलं! कौलात गाऱ्हाणं सुरू असताना मूर्तीला कोणाचा हात लागलेला नसतो, म्हणून ही उपपत्ती तिथे लागू पडत नाही. तिथे शंका घ्यायची तर पाकळी लावतानाच्या हाताची.

आजी आणखी एक शब्द वापरते, अवसर. म्हणजे देव माणसाच्या अंगात येणं. दसऱ्याला तरंग निघतात, लुगडी गुंडाळलेल्या उंच देवकाठ्या, आणि ते धरणाऱ्यांच्या अंगात अवसर येतो असं मानतात. अंगात आल्याचं भासवून लोकांना घाबरवणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवळातला कौल ही वेगळी गोष्ट, दोन्ही एकात मिसळू नकोस.

कोकणातला असाच आणखी एक शब्द, देवचार किंवा राखणदार. म्हणजे गावाच्या हद्दीची राखण करणारा, रात्री फिरणारा देव. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला तर भलीमोठी चामड्याची पायताणं वाहतात. रात्रभर गावात फिरून ती झिजतात, असं लोक सांगतात.

आता आजीला विचार, पाकळ्या कसल्या लावल्या होत्या आणि गाऱ्हाणं कोणी घातलं. पडायला किती वेळ लागला तेही विचार.

तुझी,
आई