बागेचं हवामान आणि 80 कॉलमांचं टेबल

प्रश्न : सर, आम्ही तिघं मित्र नाशकातून दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी हवामानाचं अ‍ॅप चालवतो. बागेतलं स्टेशन दर 5 मिनिटांनी रीडिंग पाठवतं, पण मशीन प्रत्येक कंपनीचं वेगळं, कुणी पानाचा ओलावा देतं, कुणी फक्त जमिनीचा, म्हणून कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये सगळ्यांचे मिळून 80 कॉलम करून ठेवलेत. एक मशीन जेमतेम 12 भरतं, बाकीच्यात आम्ही नल (रिकामी व्हॅल्यू) टाकतो. दोन-तीन दिवसांचा ग्राफ येतो, आठवड्याचा मागितला की एरर, आणि नेमका पाऊस झाला की शेतकऱ्याला डावणी रोगाच्या भीतीने तोच बघायचा असतो. सगळं एका मॅप कॉलममध्ये, म्हणजे नाव-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणाऱ्या एकाच कॉलममध्ये, टाकू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मॅपचं नंतर बघू, आधी ते नल थांबवा. तुम्हाला वाटतं नल म्हणजे रिकामं, पण कॅसँड्राच्या लेखी नल लिहिणं म्हणजे डिलीट, आणि प्रत्येक डिलीटचा एक टूमस्टोन, म्हणजे 'हे पुसलं' अशी खूण, डिस्कवर पडतो. हिशोब करा ना, 68 रिकामे कॉलम, दिवसाला 288 रीडिंग, म्हणजे एका बागेचे रोजचे 19,584 टूमस्टोन. एका क्वेरीत 1,000 दिसले की कॅसँड्रा लॉगमध्ये कुरकुरते आणि 1,00,000 च्या वर गेले की क्वेरीच मारते, हे डिफॉल्ट आकडे आहेत. सहाव्या दिवशी तुम्ही लाखाच्या पार. जो कॉलम मशीनने पाठवलाच नाही त्याचं नाव इन्सर्टमध्ये घेऊच नका, न लिहिलेला कॉलम जागा खात नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेली क्वेरी) वापरत असाल तर तिथे नल न देता व्हॅल्यू अनसेट ठेवायची.

आता टेबल. नवीन मशीन आलं की नवीन कॉलम, हे किती दिवस करणार? कॉलम वाढवणं स्वस्त आहे, मान्य, पण मी तुमच्या जागी असतो तर कॉलम आडवे न वाढवता ओळी उभ्या वाढवल्या असत्या. पार्टिशन की (कोणत्या ओळी एकत्र राहतील ते ठरवणारी) प्लॉट आणि महिना, क्लस्टरिंगला (त्या ओळींचा आतला क्रम) आधी मापाचं नाव मग वेळ, आणि शेवटी व्हॅल्यू. उद्या कुणी वाऱ्याचा वेग पाठवायला लागलं तर टेबलला हातही लावावा लागत नाही, 'वारा' नावाच्या ओळी यायला लागतात, बस. पानाच्या ओलाव्याचा आठवडा हवा तर तेवढाच सलग तुकडा वाचला जातो (आठवडा दोन महिन्यांत सांडला तर दोन क्वेऱ्या माराव्या लागतील, त्यात काही बिघडत नाही). 12 मापांच्या महिन्याला साधारण 1,03,680 ओळी होतात, ओळ 100 बाइटची धरली तरी 10 एमबी, म्हणजे पार्टिशन 100 एमबीच्या आत ठेवा म्हणतात त्याच्या खूपच आत. महिना न घालता सगळं वर्ष एका पार्टिशनमध्ये कोंबलंत तर मात्र तो आकडा ओलांडाल.

होम स्क्रीनवर सगळी मापं एकदम, ताजी दाखवायचीत ना? त्यासाठी दुसरं छोटं टेबल करा, तोच डेटा दोनदा लिहायला लाजू नका, कॅसँड्रात तसंच करतात. मॅप ठेवायचाच तर मशीनच्या किरकोळ माहितीसाठी ठेवा, सिम कंपनी, फर्मवेअर वगैरे. रीडिंग त्यात नको.

एक मोह तुम्हाला होणार म्हणून आधीच सांगतो. बागायतदार तारखेने बोलत नाही, 'छाटणीनंतर चाळिसावा दिवस' असं बोलतो, म्हणून छाटणीची तारीख कीमध्ये घालावीशी वाटेल. घालू नका. तो फोनवर एक तारीख सांगतो आणि आठ दिवसांनी म्हणतो, नाही हो, ती खालच्या प्लॉटची होती, आणि प्रायमरी कीमधली (पार्टिशन की आणि क्लस्टरिंग मिळून) व्हॅल्यू अपडेट होत नाही, सगळ्या ओळी नव्याने लिहाव्या लागतात. तारीख प्लॉटच्या टेबलात ठेवा, कितवा दिवस ते अ‍ॅपने मोजावं.

या मोकळ्या टेबलाचा त्रास एकच, नावं. एक मशीन 'टेंप' पाठवतं, दुसरं 'तापमान', आणि ओलावा कुणी मिनिटांत देतं तर कुणी टक्क्यांत. डेटाबेस तुम्हाला अडवणार नाही, त्यामुळे डेटा आत येतानाच तुमच्या कोडमध्ये नावांची आणि युनिटची एक यादी करून त्यातूनच सगळं जाऊ द्या.

जुनं टेबल राहू दे, येत्या 1 तारखेपासून नव्यात लिहा. जुन्यातले टूमस्टोन डिफॉल्टने 10 दिवस तर हलतच नाहीत, त्यानंतर कॉम्पॅक्शन (जुन्या फाइल एकत्र करून साफ करणं) होईल तसे जातात, तेव्हा तोवर लॉग ओरडला म्हणून ती एक लाखाची मर्यादा वाढवून बसू नका.