मयतीच्या घरी पहिला तास

प्रिय मित्रा,

गल्लीत कुणी गेलं की आता पहिला फोन तुला येणार. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं, की देहाला हात लावण्याआधी वडीलधाऱ्यांना बाजूला घेऊन विचार, "तुमच्यात कसं करतात?" आडनावावरून अंदाज बांधू नकोस. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं भिंतीला भिंत लागून आहेत.

सगळ्यात जास्त घोळ लिंगायत घरी होतो. मदतीला आलेले सवयीने देह आडवा करून पायाचे अंगठे बांधतात, आणि तिथे तर देह मांडी घालून बसवायचा आणि तसाच पुरायचा असतो. मृत्यूनंतर साधारण २ ते ४ तासांत जबडा, मान ताठायला लागते, मग हातपाय. १२ तासांच्या आसपास सगळं अंग लाकूड होतं. मे महिन्याच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून पहिल्या तासातच मांडी घालायची, पाठ भिंतीला टेकवायची, हनुवटीखालून पट्टी बांधायची आणि कपाळावरून कापड घेऊन मागे खुंटीला बांधायचं, नाहीतर मान पुढे पडते. उशीर झालाच तर गुडघा हिसक्याने दाबू नकोस, चोळत चोळत थोडा थोडा वाकव. विजापूर-कलबुर्गीची माणसं यायचीत म्हणून कुणी शीतपेटी मागवत असेल तर आधीच सांग: नेहमीची पेटी आडव्या देहाची असते, बसवलेला देह तिच्यात मावत नाही. गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर धारण करतात ते छोटं लिंग, 'जपून ठेवतो' म्हणून काढू नकोस. ते पुढे डाव्या तळहातावर येतं, विभूती आणि बेलासोबत पुरतात. आणि तिथे 'वारले' ऐवजी 'लिंगैक्य झाले' म्हणतात. बसवेश्वरांच्या विचारात मरणाचं सुतक नाही, तेव्हा चूल का पेटली म्हणून कुणी कुजबुजलं तर त्यालाच गप्प कर.

मुस्लिम घरी दफनाची घाई असते. कफनाचं कापड आणायला सांगितलं तर पुरुषासाठी ३ वस्त्रं, बाईसाठी ५. शिलाई नको.

दहन असेल तर सरणाला सुमारे ३०० किलो लाकूड लागतं. पावसाळ्यात ओलं गळ्यात मारतात, मधलं एखादं फोडून बघ. दहाव्याला कावळा शिवला नाही की 'इच्छा राहिली' म्हणत घरच्यांना पिळणारे भेटतील. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची रीत त्यासाठीच आहे, हे गुरुजींना आठवण करून दे.

नेत्रदान करायचं असेल तर ६ तास हातात असतात. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, वर ओला कापूस, डोकं उशीवर.

मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४अ, त्याच दिवशी घे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाव आधारवरचंच लिही, कारण कन्नड-तेलुगू नावं मराठीत उतरताना एखादं अक्षर हमखास बदलतं आणि मग विम्याचे पैसे अडकतात. मृत्यू दाखल्याच्या ४-५ प्रती एकदमच काढ.

तुझा,
काका