वीस वर्षांनी तीच लाल चड्डी

प्रिय पोरा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, सोबत व्हिडिओ. मेसेजमध्ये विचारलंयस, "सर, बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये सगळ्यात ग्रेट कोण? आणि लोकांना नेमकं काय आवडतं?" व्हिडिओत परवाच्या स्पारिंगमधला, म्हणजे सरावाच्या लढतीतला, तुझा उजवा क्रॉस, खाली पडलेला आपलाच पोरगा, वर कसलंसं ढिंच्याक गाणं, आणि तो पडल्यावर कॅमेऱ्याकडे बघून छाती ठोकणारा तू. पंच चांगला होता. मागची टाच वळली होती, खांदा हनुवटीपाशी होता. जानेवारीपासून मी त्यासाठीच घसा फोडतोय. बाकीचं फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून वही काढली.

ग्रेट कोण, याची यादी टपरीवर चहा थंड व्हायच्या आत होते. जो लुईने 1937 ते 1949 विजेतेपद सांभाळलं, 25 वेळा राखलं, आणि तो आकडा अजून कुठल्या हेवीवेटला गाठता आलेला नाही. रॉकी मार्सियानो 49 लढती लढला आणि 49 जिंकून घरी गेला. मुहम्मद अलीबद्दल मी तुला काय सांगणार, त्याचा फोटो तुझ्या मोबाइलवरच आहे. पण लॅरी होम्सचं नाव तू ऐकलंयस का? नसशील. 1978 पासून सात वर्षं तो विजेता होता, सलग 48 लढती हरला नव्हता, आणि त्याच्यासारखा जॅब, पुढच्या हाताचा तो झटपट सरळ ठोसा, हेवीवेटमध्ये फार थोड्यांचा झाला. लोकांनी त्याला मान दिला, पण डोक्यावर घेतलं नाही. माझं विचारशील तर त्याच्यावर अन्यायच झाला. अलीच्या मागून येणं हेच त्याचं दुर्दैव, आणि 1980 मध्ये थकलेल्या अलीला त्यालाच मारावं लागलं. मग 1985 मध्ये मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर पहिल्यांदा हरला, मार्सियानोच्या आकड्याला एक कमी असताना, आणि पत्रकारांसमोर मार्सियानोची टवाळी करून बसला. एवढ्या वर्षांचा जॅब एका वाक्यात वाया.

पण तुला सांगायचंय ते जॉर्ज फोरमनचं. 2025 च्या मार्चमध्ये तो 76 व्या वर्षी गेला, तेव्हा तू मला विचारलं होतंस, "तो ग्रिलवाला ना, सर?" तोच. 1999 मध्ये मांस भाजायच्या त्या विजेच्या ग्रिलवर आपलं नाव वापरू देण्यासाठी त्याला तेरा कोटी डॉलरहून जास्तीचा सौदा मिळाला. माणसं आवडत्या माणसाच्याच नावाचा तवा विकत घेतात. पण 1974 मध्ये हाच फोरमन कोणाला आवडत नव्हता.

तेव्हा तो 25 वर्षांचा होता. 40 लढती, 40 विजय, त्यातले 37 नॉकआउट. त्याच्या आदल्या वर्षी जमैकात त्याने तेव्हाच्या विजेत्या जो फ्रेझरला दोन राऊंडमध्ये सहा वेळा पाडलं होतं. उमेदवारीत माजी विजेत्या सॉनी लिस्टनबरोबर स्पारिंग केलेलं, आणि बहुतेक त्याच्याकडूनच कपाळावर आठी घालून फिरणं उचललेलं. हसायचं नाही, बोलायचं नाही, समोरच्याकडे खाऊ की गिळू असं बघायचं. झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, किन्शासाला अलीशी लढायला गेला तो अल्सेशियन कुत्रा घेऊन. तिथल्या लोकांना त्या जातीचा कुत्रा म्हटलं की बेल्जियन राजवटीतले पोलीस आठवायचे. घंटा वाजायच्या आधीच गाव अलीचं झालं होतं.

30 ऑक्टोबरच्या पहाटे काय झालं ते तू पाहिलंयस, पण पुन्हा बघ आणि या वेळी अलीकडे बघू नकोस. फोरमनच्या कोपरांकडे बघ. प्रत्येक पंच लांबून, कोयता फिरवल्यासारखा. अली दोरांवर रेलून, हात तोंडापुढे धरून गार्डमध्ये बसलाय आणि हा घण घातल्यासारखा त्याच्या दंडांवर, बरगड्यांवर घालतोय. पाचव्या राऊंडनंतर हात खाली यायला लागतात. आठव्यात तो पडतो, आणि पडतानाही गोल फिरत पडतो.

आता खरी गोष्ट त्यानंतरची. कितीतरी वर्षं तो सांगत राहिला की दोर ढिले होते, मोजणी घाईत झाली, पाण्यात काहीतरी घातलं होतं. पुढच्या वर्षी टोरांटोत एकाच दिवशी पाच जणांशी लढून दाखवलं, आणि लोकांनी हुर्यो उडवली. रिंगशेजारी बसून अली त्याला चिडवत होता आणि हा दोरांवरून वाकून त्याच्याशी भांडत होता. पाचही जणांवर भारी पडला, तरी त्या दिवशी त्याने स्वतःचं हसंच करून घेतलं.

1977 मध्ये जिमी यंगकडून हरला, ड्रेसिंग रूममध्ये त्याला देव भेटला असं तो म्हणायचा, आणि बॉक्सिंग सोडून ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं ग्लोव्ह्ज नाहीत. टक्कल पडलं, पोट सुटलं. मग मुलांसाठी काढलेल्या केंद्राला पैसे कमी पडायला लागले, म्हणून 1987 मध्ये परत आला. लोक हसले. पण त्यांच्या आधी तोच हसला होता! किती बर्गर खाल्ले, पोट किती पुढे आलंय, हे तोच पत्रकारांना रंगवून सांगायचा. 1991 मध्ये, 42 व्या वर्षी, तेव्हाचा विजेता इव्हँडर होलीफिल्डसमोर बारा राऊंड उभा राहिला आणि गुणांवर हरला. या वेळी दोर, पाणी, मोजणी, कशाचंही नाव नाही.

5 नोव्हेंबर 1994, लास वेगास. समोर तेव्हाचा विजेता मायकेल मूरर, वय 26, डावखुरा, चपळ. फोरमन 45 वर्षांचा, वजन 113 किलोच्या आसपास, आणि अंगात किन्शासाचीच लाल चड्डी. फोरमनच्या कोपऱ्यात उभा होता प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ राऊंड झाले तेव्हा तिन्ही जजच्या कागदावर फोरमन मागे होता. दोन राऊंडच्या मधल्या मिनिटात तो स्टुलावर बसायचाही नाही, उभाच. आणि दहाव्यात ते आलं. कोयता नव्हे. जॅब, आणि त्याच्या मागोमाग वीतभर अंतरावरून सरळ आत गेलेला उजवा. मूरर पाठीवर. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला.

तो उजवा मी शंभरदा पाहिला असेल. 1974 च्या फोरमनला तो मारता आला नसता. दोर ढिले होते असं जोवर तो म्हणत होता, तोवर स्वतःचे हात किती लांबून येतात ते त्याला दिसणारच नव्हतं. कारण सांगणं थांबलं आणि चूक दिसायला लागली. हे मी पुस्तकातून म्हणत नाही. 1986 मध्ये युनिटच्या फायनलला मी दुसऱ्या राऊंडमध्ये बाजूने आलेल्या डाव्या हुकवर आडवा झालो. ग्लोव्ह्ज ओले होते, जड झाले होते, असं मी बारा वर्षं सांगत होतो, तुझ्या काकूलासुद्धा. मग एकदा एका पोराला पॅडवर घेतलं, त्याचा जॅब मारलेला हात परत येताना कमरेपाशी यायचा. "हनुवटीपाशी आण!" म्हणून ओरडलो आणि तिथेच थांबलो. तो माझाच हात होता. ग्लोव्ह्ज सुकेच असणार.

म्हणून लोकांना काय आवडतं हे मला विचारशील, तर नॉकआउट त्यांना बघायला आवडतो, पण जीव ते वेगळ्याच गोष्टीवर टाकतात. हेवीवेट म्हणजे एका फटक्यात सगळं संपवू शकणारा माणूस. एवढी ताकद असलेला माणूस हरल्यावर काय करतो, दुबळ्याशी कसा वागतो, याकडे बायाबापड्यांचंही लक्ष असतं. आपल्याकडे तालमीत पाडलेल्या पैलवानाला हात देऊन उठवतात, पाठ थोपटतात, ते उगीच नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला सतीशकुमार उपांत्यपूर्व फेरीत तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जलोलोवसमोर उतरला. तिन्ही राऊंड हरला. तरी त्या दिवशी आपल्या हॉलमधल्या टीव्हीसमोर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तू तेव्हा आमच्याकडे आलाही नव्हतास.

अलीचं तोंड उचलू नकोस, एवढं मात्र मुद्दाम लिहितो. त्याच्या बडबडीमागे काय होतं ते बघ. 1967 मध्ये सैन्यात जायला नकार दिला आणि ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढली. तेवढं मोजून झाल्यावर छाती ठोकायची असेल तर ठोक. आणि 1997 च्या ऑस्कर सोहळ्यात किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला बक्षीस मिळालं, तेव्हा पायऱ्या चढताना कंपवाताने थरथरणाऱ्या अलीला हात कोणी दिला ते शोध. फोरमनने.

राज्य स्पर्धेला सात आठवडे आहेत. तुझं वजन 98 आहे ते वाढवू नकोस, रात्रीची ती बिर्याणी बंद. डावा हात परत येताना अजून खाली पडतो, परवाच्या व्हिडिओतही पडलाय. गाणं बंद करून बघ, दिसेल.

आणि व्हिडिओ काढून टाक. तो पोरगा काल आला होता. जबडा सुजलाय, भाकरी दुधात कुस्करून खातोय. तुझ्याबद्दल एक शब्द बोलला नाही, फक्त विचारलं की सोमवारी स्पारिंग आहे का. मी नाही म्हटलं, तू पॅड धर म्हटलं. तुझ्यासाठी धरणार आहे तो. पहाटे साडेपाचला येताना त्याच्या घरावरून ये, त्याची सायकल पंक्चर आहे. बँडेज धुऊन, सुकवून आण.

तुझा,
सर