ठिपके गेले म्हणून मासा मेन टँकमध्ये सोडायचा का?

या महिन्यात आलेले प्रश्न जवळजवळ सगळे एकाच जातीचे आहेत. मुंबई-पुण्याहून समुद्री मासा आणला, आठवडा झाला नाही तर अंगावर काहीतरी दिसायला लागलं, आणि दुकानदार फोनवर म्हणतोय काही नाही हो, टाका टँकमध्ये. निम्म्या लोकांनी मासा वेगळ्या टँकमध्ये ठेवलाय हे वाचून बरं वाटलं. उरलेल्या निम्म्यांनी खालची उत्तरं वाचून ठरवा.

प्रश्न : अण्णा, मिस्टर मुंबईला गेलेले तेव्हा दोन क्लाउनफिश आणि एक पावडर ब्लू टँग घेऊन आले, थर्माकोलच्या बॉक्समध्ये, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं. वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवलेत. तिसऱ्या दिवशी टँगवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मोजता येतील एवढे. मी काहीच औषध दिलं नाही तरी चार-पाच दिवसांत सगळे गायब. दुकानदार म्हणतात इम्युनिटी आली, आता सोडा. सोडू ना?
— एक वाचक, जुळे सोलापूर

नका सोडू ताई. ठिपके गेले ते मासा बरा झाला म्हणून नाही, त्यांची अंगावरची मुदत संपली म्हणून गेले. हा क्रिप्टोकॅरिऑन, ज्याला आपण मरीन इच किंवा व्हाइट स्पॉट म्हणतो. हा परजीवी माशाच्या कातडीच्या आत शिरून बसतो, त्यामुळं अंगावर असेपर्यंत पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तीन ते सात दिवस तिथं खाऊन मोठा होतो, मग आपणहून गळतो, काचेला, पाइपला, वाळूला जिथं जागा मिळेल तिथं चिकटतो आणि भोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शंभर-दोनशे होतात. कवच तीन दिवसांत फुटेल किंवा तीन आठवडे लागतील, क्वचित ७० दिवसांच्या पुढंही गेल्याच्या नोंदी आहेत. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, आणि आपली सगळी औषधं मारतात ती फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांनाच. म्हणजे आज तुमच्या टँगचं अंग स्वच्छ आहे, आणि कवचं तळाला बसलेली आहेत. पुढच्या खेपेला ठिपके मोजता येणार नाहीत. क्लाउनवर काही दिसत नाही म्हणून ते सुटले असंही नाही, कल्ल्यात असलं की बाहेरून दिसत नाही. आणि पावडर ब्लू तर ह्या आजारासाठी बदनामच मासा आहे.

दुकानात मासा स्वच्छ दिसत होता ना, असं तुम्ही पुढं लिहिलंय. दिसणारच. बऱ्याच दुकानांत पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, मुद्दाम कमी ठेवतात आणि थोडं कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, कायम चालू असतं, त्यानं आजार दबून राहतो, जात नाही. म्हणून मासा आणला की आधी पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी मोजा आणि क्वारंटाईनचं पाणी तेवढंच ठेवा, नंतर चार-सहा दिवसांत हळूहळू वर न्या. खाली उतरवलेलं माशाला चालतं, एकदम वर नेलेलं सोसत नाही.

आता करायचं काय. कॉपर मोजायचं चांगलं साधन असेल तर चिलेटेड कॉपर (पाण्यात टिकून राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं तांबं) घ्या, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं वाढवत २ ते २.५ पीपीएमवर, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, आणा आणि तिथंच ३० दिवस ठेवा. मधेच एक दिवस लेव्हल खाली गेली की मोजणी पहिल्यापासून, इथं सवलत नाही. टँक मोकळाच हवा, वाळू आणि दगड कॉपर शोषून घेतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातनं पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो आणा, स्पंज फिल्टर मात्र आधीपासून मेन टँकच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकून मुरवलेला पाहिजे, नाहीतर परजीवीच्या आधी अमोनियाच मासा मारतो. आणि अमोनिया बांधून ठेवणारी जी बाटली मिळते ती कॉपर चालू असताना टाकू नका, काही कॉपरबरोबर ती जास्त विषारी होते. अमोनिया वाढला तर पाणी बदला, आणि नवीन पाण्यात कॉपर त्याच प्रमाणात आधीच घालून घ्या.

मोजायचं साधन नसेल तर दोन टब घ्या आणि मासा दर ७२ तासांनी एका टबातनं दुसऱ्यात हलवा, अशा चार बदल्या. गळलेलं कवच फुटायच्या आत मासा तिथनं निघालेला असतो, एवढाच त्यातला हिशोब. जुना टब, जाळी, एअर स्टोन, सगळं धुवून खडखडीत वाळवायचं, हे आपल्या उन्हात अर्ध्या दिवसाचं काम. बदलीच्या वेळी मासा बाऊलमधनं उचला, जुनं पाणी बरोबर जाऊ देऊ नका. मीठ जास्त लागतं, आरओचं पाणी जास्त लागतं आणि आपल्या नळाचा भरवसा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळं पहिली बदली करायच्या आधी चारही बदल्यांचं पाणी साठवून ठेवा. ही पद्धत फक्त इचवर चालते हे लक्षात ठेवा. खालचा तिसरा प्रश्न वाचा.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे, मोरचूद घरात पडूनच असतं. कॉपर म्हणजे तेच ना? मग एवढी महागाची बाटली कशाला मागवायची?
— एक शेतकरी, सांगोला

मालक, तांबं तेच, पण हिशोब बघा. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के असतं. साधं, म्हणजे चिलेट न केलेलं कॉपर माशाला ०.१५ ते ०.२ पीपीएम एवढंच चालतं, त्याच्या खाली परजीवी मरत नाही आणि थोडं वर गेलं की मासा जातो. १०० लिटर पाण्याला ०.२ धरलं तर तांबं लागतं २० मिलिग्रॅम, म्हणजे मोरचूद ८० मिलिग्रॅम. तुमचा बोर्डो फवारणीचा काटा सोडा, सोनाराकडं जावं लागेल. चिमटीत धराल ते ह्याच्या कितीतरी पट भरेल. शिवाय बागेच्या मोरचुदात काय काय मिसळ आहे ते पोत्यावर लिहिलेलं नसतं, आणि खाऱ्या पाण्यात साधं कॉपर टिकत नाही, हळूहळू खाली बसतं, रोज दोनदा मोजून भर घालावी लागते. सगळ्यात वाईट घोळ होतो तो आकड्याचा. वर मी २ ते २.५ लिहिलंय ते चिलेटेडसाठी, कोणीतरी वाचून मोरचूद २.५ ला नेतो आणि संध्याकाळी टँक रिकामा. चिलेटेडची टेस्ट किटही वेगळी असते, साध्या कॉपरच्या किटवर चिलेटेडचा आकडा बरोबर येईलच असं नाही, डबीवर वाचून घ्या. बाटलीच मागवा. मोरचूद डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी असू द्या.

प्रश्न : अण्णा अर्जंट आहे. डॅमसेल चार आणलेले, काल रात्री एक गेला. बाकीचे पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) समोर धारेत तोंड करून उभे राहतात, श्वास खूप फास्ट, लाइट लावला की पळतात. ठिपके नाहीत, फक्त बाजूनं बघितलं तर अंगावर बारीक धूळ बसल्यासारखी वाटते.
— कॉलेजचा विद्यार्थी, विजापूर रोड

हे वेल्वेट आहे, अमायलूडिनियम, आणि मासिक तुझ्या हातात पडेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून फोनवर सांगितलंच, बाकीच्यांसाठी इथं लिहितो. इच आठवडे खेळवतो, वेल्वेट दोन-तीन दिवसांत टँक रिकामा करतो, कारण ते आधी कल्ले धरतं, अंगावर धूळ दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. टॉर्च तिरका मारून बघायचं, सोनेरी-करडी बारीक भुकटी असेल, एकेक दाणा मोजता येत नसेल, धारेत उभा राहत असेल, खाणं सोडलं असेल, तर खात्री करत बसू नका. कॉपर लगेच सुरू करा, इथं हळूहळू तीन दिवस चढवायची चैन नाही, २४ तासांत लेव्हलवर आणा. त्याआधी पाच मिनिटांचा गोड्या पाण्याचा डिप दिला, म्हणजे मासा तेवढा वेळ त्यात बुडवून ठेवला, तर कल्ल्यांवरचा भार जरा कमी होतो आणि कॉपर काम करेपर्यंत मासा तग धरतो. एअर पंप जेवढा जोरात चालतो तेवढा चालवा, लाइट बंद. सॅलिनिटी उतरवून इच जातं म्हणून वेल्वेटही जाईल असं समजू नका, ते अगदी मचूळ पाण्यातसुद्धा जगतं. टब बदलत बसण्यातही अर्थ नाही, त्याचं चक्र इचपेक्षा वेगात फिरतं.

क्लाउनफिशवाल्यांनी एक वेगळं ओळखून ठेवा. अंगावर पांढरट चिकट थर, जागोजागी सोलल्यासारखं, श्वास जोरात, तर ते ब्रूकलिनेला. त्याच्यावर कॉपर काम करत नाही, फॉर्मेलिनचा डिप लागतो, आणि ते काम घरात मुलं असताना बंद खोलीत करायचं नाही. बाटलीत तळाला पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरूच नका, तो साका माशांना जास्त विषारी असतो.

प्रश्न : एंजलफिश सारखा दगडाला अंग घासतो, एक डोळा धुरकट झालाय, ठिपके अजिबात नाहीत. कॉपर चालू करून दहा दिवस झाले, काही फरक नाही.
— एक वाचक, होटगी रोड

फरक पडणारच नाही, हे फ्लूक असावेत, म्हणजे चपटे किडे, आणि कॉपरला ते जुमानत नाहीत. खात्री करायला सोपी परीक्षा आहे. काळा किंवा गडद रंगाचा टब घ्या, त्यात आरओचं पाणी, तापमान टँकएवढंच, चिमूटभर खायचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास आणा, अर्धा तास एअर स्टोन चालू ठेवा. मग मासा पाच मिनिटं त्यात. सुरुवातीला तो आडवा पडेल, तुम्हाला वाटेल गेला, घाबरू नका पण नजर हलवू नका, कल्ले हलायचे थांबले तर लगेच बाहेर. दोन-तीन मिनिटांनी तळाकडं बघा. अंगावर असताना फ्लूक काचेसारखे आरपार असतात, म्हणून इतके दिवस तुम्हाला दिसले नाहीत, गोडं पाणी लागलं की पांढरे होऊन सुटतात, दोन ते पाच मिलिमीटरच्या लांबट चपट्या चकत्या काळ्या तळावर पडलेल्या दिसतात, काही तर वळवळतातसुद्धा. पहिल्यांदा बघितल्यावर लोकांना किळस येते, पण निदान पक्कं होतं.

डिपनं सगळे निघत नाहीत, कल्ल्यातले राहतात. प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध लागतं, लिटरला २.५ मिलिग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही, थोड्या कोमट पाण्यात बाटलीत घालून चांगलं हलवा. अंड्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही, म्हणून सहा-सात दिवसांनी दुसरा डोस द्यायचाच, मासा ठणठणीत दिसला तरी. औषध असताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, हवा वाढवा. रॅस जातीच्या काही माशांना हे सोसत नाही, तुमच्याकडं तो नाही म्हणून चालेल.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये क्वारंटाईनचं पाणी ३३ डिग्रीला जातं. चिलर परवडत नाही.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

छोट्या टँकला चिलर घेऊ पण नका. टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. मुंबईच्या दमट हवेत ह्याचा फारसा उपयोग होत नाही, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र घरातला कूलर ज्या कारणानं चालतो त्याच कारणानं हेही चालतं, तीन-चार डिग्री आरामात उतरतात. फक्त पाणी भराभर उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ आणि कॉपर दोन्ही मागं राहून घट्ट होत जातात. टँकच्या काचेवर मार्करनं रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ साधं आरओ घालून पाणी रेघेपर्यंत आणा, मिठाचं नाही. उन्हाळ्यात कॉपर वाढून मासे गेले की लोक कंपनीला शिव्या देतात, आणि बहुतेक वेळा कारण हे असतं. लाइट जाते तिथं बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो. शक्य असेल तर मे महिन्यात नवीन मासा आणूच नका, दुपारी स्टेशनवरून घरी येईपर्यंतच पिशवीचा चहा होतो.

थोडक्यात काही :

क्लीनर श्रिंप ठेवली तर इच खाते का, असं बाळीवेसमधून विचारलंय. नाही खात, परजीवी कातडीच्या आत असतो. आणि कॉपर असलेल्या टँकमध्ये श्रिंप टाकली तर तीच मरेल.

लसणाचा रस खाण्यावर लावला तर मासा कदाचित खायला लागेल, परजीवी त्यानं मरत नाही. लावा, पण औषधाऐवजी नको.

समुद्रघोड्याचं क्वारंटाईन कसं करायचं हे विचारणाऱ्या वाचकानं तो आणूच नये. २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या पहिल्या यादीत, आहे, कोरलही. दुकानदार चालतंय म्हणाला तरी चालत नाही.

मेन टँकमध्ये आजार आधीच शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून तो टँक ७६ दिवस माशांविना ठेवा. हो, सगळे, एक गोबी राहिली तरी उपयोग नाही. दगड, वाळू, श्रिंप राहू द्या, पंप चालू ठेवा.

शेवटचा प्रश्न नवी पेठेतून, कॉपर संपल्यावर तोच स्पंज फिल्टर मेन टँकला चालेल का, तिथं श्रिंप आणि गोगलगायी आहेत. नाही चालणार, स्पंजमध्ये कॉपर मुरलेलं असतं. क्वारंटाईनचा स्पंज, जाळी, पाइप कायमचे वेगळे ठेवा आणि त्यांच्यावर मार्करनं कॉपर असं लिहून ठेवा, कारण घरात टँक साफ करणारे नेहमी तुम्हीच असाल असं नाही.