डिफॉल्टर लिस्टमध्ये रोल नंबर आला, म्हणजे वर्ष गेलं?

मी समुपदेशक आहे. सत्र संपत आलं की बी.एस्सी.ची मुलंमुली माझ्याकडे येऊ लागतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं. "मॅडम, ऑर्गॅनिक केमिस्ट्री राहणार. वर्ष गेलं माझं." कधी हेच आई सांगते, कधी गावाकडून वडील फोनवर सांगतात, "बारावीला चांगले मार्क होते हो, तिकडं गेल्यावर काय झालं कळेना." जरा बोलतं केलं की लक्षात येतं, विषय अवघड असल्याची तक्रार बरीच नंतर येते. आधी येतात ते नियम. हजेरी भरली नाही म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नंबर आला, प्रयोगांचं जर्नल सर्टिफाय झालं नाही, इंटर्नल म्हणजे अंतर्गत परीक्षा बुडाली, सर सबमिशन घेणार नाहीत. रिअ‍ॅक्शन समजत नाहीत म्हणून रडणारं मूल मी क्वचित पाहिलं. नोटीस बोर्डासमोर उभं राहून पाय गळालेली मुलं मात्र दर वर्षी पाहते.

त्यांच्यातल्या एकाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याला आपण समीर म्हणू.

समीर बीड जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सायन्स, आता पुण्यात एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा. रोज सकाळी अ‍ॅप्रन पिशवीत घालून तो खोलीतून निघायचा आणि दुपारी परत यायचा. कॉलेजात मात्र जायचा नाही, कुठल्यातरी बागेत बसून राहायचा. हे रूममेटच्या लक्षात आलं, आणि तोच हात धरून त्याला माझ्याकडे घेऊन आला. अशा रूममेट्सचे उपकार मोजता येत नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"सरांनी मला काढलं."

"काढलं म्हणजे?"

"डिफॉल्टर लिस्टमध्ये माझा नंबर आहे. आता परीक्षेला बसता येणार नाही. आणि इंटर्नलला पंधरापैकी सहाच आहेत. बसलो तरी काय उपयोग?"

पहिल्या भेटीत मी कुणाचं म्हणणं खोडत नाही. धीर देणारी वाक्यंही जपूनच वापरते. "काही होत नाही, सगळं ठीक होईल" हे त्याला घरून पुष्कळदा ऐकायला मिळालेलं असतं, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ 'यांना माझं कळलेलंच नाही' असा झालेला असतो. त्यामुळे मी फक्त विचारत गेले. झोप कशी आहे, जेवण होतं का, जगणं नकोसं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न मी स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने तसे विचार डोक्यात येत नाहीत, आलेले असतील तर बोलायला वाट मिळते. समीरच्या मनात तसं नव्हतं. लाज होती, प्रचंड.

मग मी म्हणाले, "ती नोटीस मला वाचून दाखव."

त्याच्याकडे ती नव्हती. फोटोही नव्हता. रोल नंबर दिसला आणि तो मागे वळला होता. "यादीच्या खाली काय लिहिलं होतं?" त्याला सांगता येईना. मी त्याला एवढंच काम दिलं की जाऊन फोटो काढून आण. त्यालाही त्याने चार दिवस घेतले, कारण विभागाच्या कॉरिडॉरमध्ये सर भेटले तर काय, ही भीती होती.

फोटो आला. यादीखाली तीन ओळी होत्या. अमुक तारखेपर्यंत गैरहजेरीच्या कारणासह विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा, वैद्यकीय कारण असल्यास प्रमाणपत्र जोडावं, राहिलेली प्रात्यक्षिकं पूर्ण करण्यासाठी प्रॅक्टिकल इन्चार्जना भेटावं. तारीख उलटायला आठवडा होता.

समीरने त्या ओळी वाचल्या आणि फोन खाली ठेवला. "मॅडम, हे फॉर्म्यालिटी म्हणून लिहितात. सर मला घेणार नाहीत."

खरी गोष्ट इथे होती. माझा ओढा विवेकनिष्ठ विचारसरणीकडे आहे. घडलेल्या प्रसंगापेक्षा आपण त्याचा लावलेला अर्थ माणसाला जास्त खचवतो, या पायावर माझं काम उभं आहे. त्यामुळे मी नोटीस बाजूला ठेवली आणि सर का घेणार नाहीत, हे विचारत राहिले.

प्रॅक्टिकल होतं ऑर्गॅनिक कंपाउंड ओळखण्याचं. त्यात नायट्रोजन, सल्फर, हॅलोजन आहेत का हे पाहायला सोडियमचा छोटा तुकडा पदार्थासोबत काचेच्या लहान नळीत तापवतात आणि लालबुंद झालेली नळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवतात. नळी फुटते, आणि सोडियम पूर्ण वापरला गेला नसेल तर पाण्याशी त्याचा भडका उडतो. समीरच्या हातून तसा भडका उडाला. त्याने गॉगल कपाळावर सरकवलेला होता. सर सगळ्या बॅचसमोर ओरडले, "अक्कल आहे का? बाहेर हो!" तो बाहेर झाला तो पुन्हा गेलाच नाही. हजेरी त्या दिवसापासून घसरली. जर्नल अपुरं राहिलं. इंटर्नलच्या दिवशी तो पेपरला बसला, पण सर सुपरव्हिजनला होते म्हणून अर्धा वेळ डोकं खाली घालून बसला. यादीत नंबर येणं हे या साखळीचं शेवटचं टोक होतं.

मी त्याला त्याचं जर्नल आणायला सांगितलं. रसायनशास्त्र मी शिकवत नाही, पण या मुलांसोबत काम करता करता त्यांची जर्नलं मी मन लावून वाचत आले आहे, आणि मला वाटतं त्या जर्नलमध्ये समुपदेशनाचं अर्धं काम आधीच छापलेलं असतं. पानावर तीन रकाने असतात: टेस्ट, ऑब्झर्वेशन, इन्फरन्स. मी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "असेच तीन रकाने आख. टेस्टच्या जागी त्या दिवशीचा प्रसंग लिही."

पहिल्या रकान्यात त्याने लिहिलं, सोडियमचा भडका. दुसऱ्यात, सर ओरडले, बाहेर काढलं. तिसऱ्यात लिहिताना पेन थांबला नाही: सरांना मी नको आहे. मी या विषयाच्या लायकीचा नाही.

"नायट्रोजनची टेस्ट कशी लिहितोस तू?"

"निळा रंग आला तर नायट्रोजन प्रेझेंट."

"आणि नाही आला तर? नायट्रोजन नाहीच असं ठरलं?"

तो सवयीने "हो" म्हणणार होता. मग थांबला. "तसं नाही मॅडम. डायझोनियम कंपाउंडमध्ये नायट्रोजन असतो, पण तापवल्यावर तो सोडियमशी रिअ‍ॅक्ट व्हायच्या आधीच गॅस होऊन निघून जातो. मग निळा रंग येत नाही."

"म्हणजे नायट्रोजन असतो, फक्त त्या टेस्टमध्ये दिसत नाही."

"हो."

"आणि फंक्शनल ग्रुप? एका टेस्टवरून ठरवतोस?"

"नाही, आधी 'मे बी प्रेझेंट' लिहायचं. मग खात्री करायला कन्फर्मेटरी टेस्ट. मग मेल्टिंग पॉइंट, डेरिव्हेटिव्ह…"

वाक्य अर्धवट राहिलं. तो कागदाकडे बघत होता. मी काहीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं तर सापडलेलं उत्तर मुलाचं राहत नाही, आपलं होतं, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना नेहमी सांगते. बऱ्याच वेळाने समीरने तिसऱ्या रकान्यातली दोन्ही वाक्यं खोडली नाहीत, त्यांच्यापुढे 'मे बी' लिहिलं. मग स्वतःच म्हणाला, "मी कन्फर्मेटरी टेस्ट केलीच नाही."

"कशी करणार?"

"सरांना भेटून."

तोपर्यंत त्याने भीती दाबायचा खूप प्रयत्न केला होता. आता ती तपासायची गोष्ट झाली. घाबरलेल्या मुलाला धाडसी हो म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. त्याला जे काम हातानं येतं तेच स्वतःच्या विचारांवर वापरायला लावलं की तो मार्ग त्याचा स्वतःचा असतो.

दुसऱ्या दिवशी तो इन्चार्ज सरांना भेटला. सरांना ते ओरडणं आठवत होतं. ते म्हणाले, "गॉगल नसताना डोळ्यात गेलं असतं तर? उद्यापासून गॉगल लावून ये, दोन प्रॅक्टिकल राहिलीत, शनिवारच्या बॅचमध्ये कर." एवढंच. शाबासकी नाही, माफी नाही. समीरला ते पुरलं. शिक्षकांनी सगळ्यांदेखत अक्कल काढू नये, असं माझं ठाम मत आहे. पण जळत्या सोडियमजवळ उभ्या मुलावर आवाज चढणं आणि त्या मुलाला मनातून काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समीरने त्या एक केल्या होत्या.

आता इंटर्नलचे सहा गुण. इथे फार वेळ लागला नाही, गणित होतं. त्याच्या कॉलेजात पेपर ५० गुणांचा: १५ अंतर्गत, ३५ लेखी, पास व्हायला एकूण ४० टक्के, म्हणजे २०. सहा आहेत. हवेत चौदा, पस्तीसपैकी. समीरला वाटत होतं त्याला जवळजवळ पूर्ण पेपर बरोबर सोडवावा लागेल. त्याने ही वजाबाकी एकदाही केली नव्हती. काही विद्यापीठांत अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळे किमान गुण लागतात, तेव्हा आपल्या अभ्यासक्रमाचं परिपत्रक बघूनच हा हिशेब करावा, रूममेटच्या सांगण्यावरून नाही.

यावरून मला विद्यार्थ्यांना कळकळीने सांगायचं आहे. कोर्सचे नियम सत्राच्या पहिल्या आठवड्यात, मन शांत असताना वाचा. एका कागदावर उतरवून घ्या: हजेरी किती लागते (बहुतेक ठिकाणी ७५ टक्के), प्रॅक्टिकलची हजेरी वेगळी धरतात का, इंटर्नल बुडाली तर पुन्हा घेतात का, जर्नल कधी तपासून घ्यायचं, अर्ज कुणाच्या नावे करायचा. प्रॅक्टिकलबाबत कॉलेजं कडक असतात त्याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा आणि प्रॅक्टिकलचा ३० तासांचा धरतात. बुडालेलं लेक्चर मित्राच्या वहीतून भरून निघतं, क्रिस्टलायझेशन हाताला वहीतून येत नाही. आजारी पडलात तर सर्टिफिकेट त्याच आठवड्यात द्या, सत्राच्या शेवटी दिलेल्या कागदावर कुणाचा विश्वास बसत नाही. आणि अर्ज दिला की पोच घ्या. पेपर राहिलाच, तर एटीकेटीचा (राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम, फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनच्या तारखा, यांची माहिती परीक्षा विभागात मिळते. ती घ्यायला लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

अभ्यासाबद्दल थोडं. समीर मेकॅनिझम, म्हणजे रिअ‍ॅक्शन पायरीपायरीने कशी घडते ते, पाठ करत होता, मराठी माध्यमातून आलेली अनेक मुलं करतात, कारण इंग्रजी वाक्याची भीती असते. त्याला मी फक्त प्रश्न नेमका करायला शिकवलं. "एसएन-टू समजत नाही" (हा त्यातलाच एक मेकॅनिझम) असं म्हणून सरांपुढे गेलं तर सरही पुन्हा अख्खा धडा सांगतात. "इथे बाण हायड्रॉक्साइडपासून का निघतो, कार्बनपासून का नाही?" असं विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं: बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास दाखवतो, जोडी जिथे आहे तिथूनच तो सुरू होणार. हे मराठीत विचारलं तरी चालतं. सरांनी त्याला मराठीतच समजावलं.

जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवणं हाही भीतीचाच एक अवतार आहे. बेंझोइक अ‍ॅसिडचा मेल्टिंग पॉइंट पुस्तकात १२२ अंश, आपला आला ११६, की मुलं गुपचूप १२२ लिहितात. अरे, कमी आणि पसरट आलेला मेल्टिंग पॉइंट सांगतो की नमुन्यात अशुद्धी असावी, पुन्हा क्रिस्टलाइझ कर. खरा आकडा लिहिला तरच शिक्षकांना तुमची चूक दुरुस्त करता येते. समीरच्या जर्नलमध्ये शनिवारच्या बॅचचं पान मी पाहिलं, त्यावर ११७ लिहिलेलं होतं, पुढे कारण, आणि खाली दुसऱ्यांदा केल्यावर आलेला १२१. मला त्या पानाचा फार आनंद झाला. तीन रकान्यांचा कागद तेव्हापासून मी सायन्सच्या इतर मुलांनाही देते आहे.

लेखी परीक्षेत तो पास झाला. गुण बेताचेच होते.

पालकांसाठी. मुलाचा रोल नंबर अशा यादीत आल्याचं कळलं तर कॉलेजला फोन करण्याआधी मुलाला विचारा, "नोटिशीत खाली काय लिहिलंय?" आणि "कुठलं प्रॅक्टिकल राहिलंय?" किती मार्क पडले हे त्यानंतर विचारलं तरी चालतं. तो जेवत नसेल, झोपत नसेल, बोलणं तोडत असेल, मरणाच्या गोष्टी करत असेल, तर परीक्षा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते, आणि मराठीतून बोलता येतं. समीरच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "मी काय करू मॅडम, मला त्यातलं काही कळत नाही." मी त्यांना म्हणाले, रोज रात्री फोन करा आणि आज प्रॅक्टिकलमध्ये काय केलं ते त्याला तुम्हाला समजावून सांगायला लावा. ते दुकान बंद करून रोज साडेनऊला फोन करायला लागले.