पाढा चुकतो, पण चंद्राची वही चुकत नाही

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. मार्क बेताचेच. बाईंची तक्रार असते की वर्गात लक्ष नसतं, प्रश्न विचारून भंडावून सोडते, अक्षर गिचमिड. घरी मात्र गेले दोन महिने चंद्र किती वाजता उगवतो ते एका वहीत टिपून ठेवते आहे. खेळात हरली की अर्धा तास रडते. नातेवाईक म्हणतात, मुलगी ‘गिफ्टेड’ आहे, बुद्ध्यांक काढून घ्या. ती खरंच तशी आहे का? असेल तर आतापासून कोणत्या करिअरची तयारी करून घ्यावी? (वहीच्या पानांचे फोटो सोबत.)

उत्तर:

ताई, नमस्कार.

पानांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. मार्कांबद्दलचं मी एकदा वाचलं, ती पानं चार वेळा पाहिली. पौर्णिमेनंतरच्या पाच रात्री समोरच्या इमारतीच्या टाकीमागून चंद्र कधी दिसला, त्या वेळा. मग वेळांची वजाबाकी, त्यात एके ठिकाणी हातचा विसरलेला. आणि खाली वेडंवाकडं लिहिलेलं: ‘रोज उशीर होतो. पण सारखा का नाही होत?’ चंद्राला उशीर होतो हे ध्यानात येणारी मुलं मला अधूनमधून भेटतात. तो सारखा नसतो, हे खटकणारी क्वचितच.

असामान्य बुद्धीच्या मुलांची लक्षणं म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यात लवकर वाचायला लागणं, मोठा शब्दसंग्रह, दांडगी स्मरणशक्ती वगैरे असतं. ते खोटं नाही. पण मी आधी एकच बघतो: कुणी सांगितलेलं नसताना, कौतुकाला कुणी नसताना मूल कशाच्या मागे लागतं आणि किती दिवस टिकतं. अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1978 साली मांडलेल्या कल्पनेतही सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती ही तीन वर्तुळं एकमेकांत मिसळलेली आहेत. दोन महिन्यांची वही हे तिसरं वर्तुळ. शाळेच्या प्रगतिपुस्तकात त्याला रकानाच नसतो.

आता बाईंच्या तक्रारी. अशा मुलांची बुद्धी, हात आणि भावना एका वयाच्या नसतात. डोकं अकरा वर्षांचं, बोटं आठ वर्षांची, आणि हरल्यावर येणारं रडू पाच वर्षांचं. विचार पुढे पळतो आणि पेन्सिल मागे राहते, म्हणून अक्षर तसं. शिवाय बरंचसं मनासारखं जमत आलं असेल, तर न जमण्याची सवयच नसते. एक डाव हरला की आभाळ कोसळतं. वर्गात लक्ष नसण्याचं कारण कंटाळाही असू शकतो.

‘असू शकतो’ म्हणतोय, कारण हीच चिन्हं दुसऱ्या कशाचीही असू शकतात. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. अक्षराची आणि पाढ्यांची अडचण हटत नसेल, तर लेखन किंवा गणिताची अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही लिहिणं किंवा हिशेब शिकायला फार जड जाणं) आहे का, हेही बघावं लागेल. तल्लख बुद्धी आणि अशी अडचण एकाच मुलात असू शकतात. मग दोन्ही एकमेकींना झाकतात आणि मूल ‘बेताचं’ दिसतं. (मी स्वतः असा एक मुलगा ओळखूच शकलो नव्हतो. तो बोलायचाच नाही, आणि त्या काळात मला बोलकी मुलंच हुशार वाटायची.)

बुद्ध्यांकाबद्दल. सरासरी 100 धरलेली असते आणि 130 च्या वर साधारण शंभरात दोन मुलं असतात. चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञानं समोर बसवून घेतलेली हवी. मोबाइलवरची प्रश्नमंजुषा म्हणजे करमणूक. आणि आकड्याला किती मान द्यायचा? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार हुशार मुलं चाचण्यांवर निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्यांतली बरीच मोठेपणी उत्तम स्थिरावली, पण नोबेल एकालाही मिळालं नाही. निवडीत गळालेल्या दोन मुलांना मात्र मिळालं, दोघांनाही पदार्थविज्ञानाचं: विल्यम शॉकली 1956, लुईस अल्वारेझ 1968. एखादा निर्णय अडला असेल, म्हणजे वरच्या वर्गात बसवायचं का, किंवा ती अध्ययन अक्षमतेची शंका, तर चाचणी जरूर करा. नातेवाइकांना सांगायला आकडा हवा असेल, तर नको.

बाईंना भेटाल तेव्हा ‘माझी मुलगी गिफ्टेड आहे’ हे वाक्य घरी ठेवून जा. त्यानं समोरचा माणूस लगेच आखडतो. चंद्राची वही न्या, ती बोलेल. आणि एकच विनंती करा: वीस गणितांतली सगळ्यात अवघड पाच तिला आधी सोडवू द्या, बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ. बाईंचं काम वाढत नाही, म्हणून ही गोष्ट बहुतेक वेळा मान्य होते. चुकली, तर तिला सराव हवाय हे आपल्यालाही कळेल.

घरी तिला असं काहीतरी शिकवा जे पहिल्या महिन्यात जमणारच नाही. एखादं वाद्य चालेल. तुम्हीही सोबत शिका आणि तिच्यादेखत चुका.

करिअरचं विचारलंत. आठव्या वर्षी? आज चंद्र आहे म्हणून खगोलशास्त्र ठरवू नका, सहा महिन्यांनी मुंग्या असतील. या मुलांना पुढे अडचण येते ती बऱ्याचदा चार गोष्टी सारख्याच चांगल्या जमण्याची. नववी-दहावीत पुन्हा लिहा, तेव्हा माझा खरा उपयोग होईल.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापुरतं देतो. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यानं वेग कमीजास्त होतो, आणि त्याची वाट क्षितिजाशी वर्षभर एकाच कोनात नसते, म्हणून हा उशीर बदलतो. तिला इतक्यात सांगू नका. पुढच्या पौर्णिमेनंतरच्या नोंदी होऊ द्या, आणि ती पानंही मला पाठवा. हातच्याची चूक तिची तिलाच सापडते का, तेही बघायचंय.