ख्रिस्ती कादंबरीमालिकेवर विकिपीडियात लेख टिकेल का?

मालिकेचे भाग किती किंवा नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चच्या सभासदांमध्ये) ती किती घरांत वाचली जाते, यावर ते ठरत नाही. लेखक-प्रकाशकाशी संबंध नसलेल्या कुणी तिच्यावर सविस्तर लिहिलंय का, ते बघा. निदान दोन ठिकाणी तरी. मलपृष्ठ, प्रस्तावना, जाहिरात धरू नका. प्रकाशन सोहळ्याची बातमीही पुरत नाही. माझ्याकडे अशी कात्रणं आहेत: पाहुण्यांची नावं आठ, कादंबरीबद्दल वाक्य एक.

पण परीक्षण ख्रिस्ती मासिकात आलंय म्हणून ते बाद करणं चूक आहे, हे मी ठामपणे सांगतो. परीक्षक स्वतंत्र आहे का, एवढाच प्रश्न. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मिशनरी काळातली, ख्रिस्ती विचाराचीच. तरी मराठी कादंबरीच्या इतिहासात तिच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. लेख टिकतो तो अशा पानांवर.

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातले प्रबंध, ‘शोधगंगा’ (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) आणि जुन्या दैनिकांच्या रविवार पुरवण्या आधी चाळा. लेख करायचाच तर संपूर्ण मालिकेवर एकच करा, भागागणिक नको. पुरावा तोकडा निघाला, तर लेखकावरच्या लेखात एक परिच्छेद घाला.